चाकं जमिनीवर टेकल्यावर

"मेस्त्री, गतिरोधकावर चढताना काही नाही, पण उतरताना डावीकडून 'टक्' असा एकच आवाज येतो." गिऱ्हाइकानं इतकं नेमकं सांगितलं की माझं निम्मं काम तिथंच होतं. बहुतेक जण नुसतं "समोरून वाजतंय" म्हणतात. मग मला खोदून विचारावं लागतं. ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरतं का? सरळ रस्त्यावरही गाडी सारखी हातानं सावरावी लागते का? पाऊस पडला की कुरकुर थांबते आणि ऊन पडलं की परत सुरू होते का? पुढचे टायर आतल्या कडेनं जास्त झिजतात का? यातल्या प्रत्येक प्रश्नामागे गाडीखालची एक ठरावीक जागा असते. ब्रेक दाबल्यावरची थरथर डिस्कमुळे असू शकते, तशीच लोअर आर्मचे बुश फाटल्यामुळेही. पावसात थांबणारी कुरकुर हमखास सुकलेल्या रबराची. आणि गाडी रस्त्यावर भटकायला लागली की मी आधी स्टीअरिंगच्या दांड्यांकडे बघतो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. लेथवाले, वेल्डर, प्रेसवाले सगळे हाकेच्या अंतरावर. गाड्या सगळ्याच येतात, पण जुन्या आलिशान गाड्यांच्या पुढच्या चाकांचं काम मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. त्यातही माझ्याकडे जास्त येते ती मर्सिडीजची डब्ल्यू १२४ नावाची पिढी. ही गाडी युरोपात १९८४ च्या अखेरीस आली. ब्रुनो साको यांच्या देखरेखीखाली तिचं रूप ठरलं आणि सगळे प्रकार धरून २५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी पुण्यात उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी पिंपरीला टेल्कोच्या आवारात जुळणी होऊन जी पहिली गाडी बाहेर पडली ती हीच. पेट्रोलवर चालणारी ई २२० आणि डिझेलवाली ई २५०. चाकणचा कारखाना फार नंतरचा, २००९ चा. त्या काळात आपल्याकडच्या डॉक्टरांनी, सराफांनी, कारखानदारांनी या गाड्या घेतल्या. आज त्या त्यांच्या मुलांकडे किंवा जावयांकडे आहेत आणि तिशीच्या आसपास पोचल्या आहेत.

या गाडीचं इंजिन अजून ठणठणीत असतं. दारं बंद होतानाचा आवाज आजही भरीव येतो. पण चालवताना ती सैल, दमलेली वाटते आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, आता विकून टाका. माझं म्हणणं आहे, आणि ते मी प्रत्येक मालकाला पुढचं चाक हातानं हलवून दाखवून सांगतो: लोखंड दमलेलं नाही, रबर दमलेलं आहे. आणि रबर बदलता येतं.

पुढच्या चाकाची रचना समजून घेतली की हे आपोआप पटतं. चाकाच्या आत, जमिनीला जवळपास समांतर, एक त्रिकोणी लोखंडी हात असतो. त्याला लोअर आर्म म्हणतात. त्याची आतली दोन टोकं गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांनी जोडलेली असतात आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. हा जॉइंट चाकाला वर-खाली होऊ देतो आणि वळूही देतो. वरच्या बाजूनं चाकाला शॉकअप सांभाळतो. त्याचं वरचं टोक बॉनेटखाली एका जाड रबरी माउंटमध्ये बसलेलं असतं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्प्रिंग शॉकअपच्याच अंगावर गुंडाळलेली असते. या गाडीत तसं नाही. इथं स्प्रिंग वेगळी आहे, ती थेट लोअर आर्मवर बसते आणि वर सांगाड्याला टेकते.

वरवर छोटा दिसणारा हा फरक फार महत्त्वाचा आहे. छोट्या गाडीत गाडीचं वजन स्प्रिंगमधून शॉकअपवर आणि तिथून चाकावर जातं, खालच्या बॉल जॉइंटला फक्त आडवे झटके सोसावे लागतात. या मर्सिडीजमध्ये स्प्रिंगचा सगळा रेटा लोअर आर्मवर येतो आणि आर्मवरून बॉल जॉइंटमधून चाकावर जातो. म्हणजे पुढच्या प्रत्येक बाजूचं वजन एका लिंबाएवढ्या जॉइंटवर तोललेलं असतं. तो पूर्ण झिजून निसटला तर चाक दुमडून मडगार्डात बसतं. म्हणून या गाडीच्या बॉल जॉइंटला मी "बघू पुढच्या सर्व्हिसिंगला" असं कधीच म्हणत नाही.

आता बुश. लोखंडी नळी, तिच्याभोवती जाड रबर, एवढीच वस्तू. आतली नळी बोल्टानं सांगाड्याशी घट्ट आवळलेली असते आणि बाहेरचा भाग आर्ममध्ये दाबून बसवलेला असतो. चाक वर-खाली होतं तेव्हा इथं काहीही घसरत नाही, फिरत नाही. रबरच पिळलं जातं आणि परत मूळ जागी येतं. खडीचा खडखडाट, सिमेंटच्या रस्त्यावरच्या सांध्यांचे ठोके, ब्रेकचा धक्का हे सगळं या रबरात मुरतं. गाडीचा मऊपणा सीटमध्ये असतो असं लोकांना वाटतं. तो निम्म्याहून जास्त इथं असतो.

रबर मरतं ते वयानं, गाडी घरी उभी असली तरी. इंजिनची उष्णता, हवेतला ओझोन आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेल. पॉवर स्टीअरिंगचं तेल गळत असेल तर ते नेमकं याच भागांवर ठिबकतं आणि रबर फुगून पिठूळ होतं. म्हणून मी गळती आधी बंद करतो आणि मगच नवे बुश मागवतो. गळती तशीच ठेवून नवं रबर घालणं म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा गटारात टाकणं.

गडहिंग्लजचे एक डॉक्टर आहेत. १९९६ ची ई २२०, पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातातली. सुरुवातीला सांगितलेला तो 'टक्' त्यांचाच. पुण्याला असलेल्या मुलानं विकायचा धोशा लावला होता. डॉक्टर म्हणाले, "मेस्त्री, मी पेशंटला तपासल्याशिवाय कधी औषध दिलं नाही. तुम्ही आधी नीट तपासा, मग काय ते ठरवू."

तपासायची एक रीत आहे आणि ती मालकालाही माहीत असावी. जॅक सांगाड्याखाली लावून चाक लोंबकळत ठेवलं तर स्प्रिंग आर्मला खाली रेटून धरते. त्या ताणात झिजलेला बॉल जॉइंटही घट्ट वाटतो. जॅक लोअर आर्मखालीच लावायचा, म्हणजे स्प्रिंगचा भार जॅकवर जातो आणि जॉइंट मोकळा होतो. मग टायरखाली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून चाक वर उचललं की आतला ढिलेपणा हाताला लागतो. त्यानंतर चाक वर आणि खाली धरून हलवायचं. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा, राहिला तर जॉइंटचा. चाक डाव्या-उजव्या बाजूनं धरून हलवलं की टाय रॉडचा, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्यांचा, हिशेब कळतो. बुशांसाठी टॉमीनं आर्म पुढे-मागे ढकलायचा आणि टॉर्चच्या उजेडात रबराकडे बघायचं. नुसत्या वरवरच्या बारीक भेगांनी मी घाबरत नाही. रबर नळीपासून सुटलेलं दिसलं किंवा आर्म टॉमीबरोबर सरळ सरकला की निकाल लागला.

डॉक्टरांच्या गाडीत डाव्या आर्मचा मागचा बुश पूर्ण फाटला होता, डाव्या बॉल जॉइंटचं रबरी टोपण चिरून आत माती गेली होती आणि शॉकअपचं वरचं माउंट बसलं होतं. डावी बाजू आपल्याकडे नेहमी आधी जाते. समोरून उसाची ट्रॉली आली की आपण डावीकडची चाकं डांबरावरून खाली घालतो. ती साइडपट्टीची उंची, तो दणका वर्षानुवर्षं डावीकडच्याच बुशांनी खाल्लेला असतो.

"मग डावीकडचं तेवढं बदला," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, बैलाच्या एका बाजूच्या खुरांना नवी पत्री आणि दुसऱ्या बाजूची झिजलेली, असा बैल जोताला चालेल का? एका बाजूचं रबर नवं, ताठ, आणि दुसऱ्या बाजूचं तीस वर्षांचं. ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढणार."

त्यांनी मान डोलावली. दोन्ही बाजूंचे बुश, बॉल जॉइंट, वरची माउंट, अँटिरोल बारचे रबर आणि शॉकअपची जोडी, अशी यादी केली.

माल घेताना मी एका गोष्टीवर अडून बसतो. या गाडीचे बॉल जॉइंट आणि बुश लेमफर्डरसारख्या, शॉकअप साक्स किंवा बिल्स्टाइनसारख्या जर्मन कंपन्या बनवतात, आणि आज इतक्या वर्षांनीही ते मिळतात. स्वस्तातला बिननावाचा माल हातात घेतला की सारखाच दिसतो. रबराची जात मात्र डोळ्यांना दिसत नाही, ती वापरात कळते. हल्ली पॉलियुरेथेनचे कडक बुशही मिळतात. शर्यतीच्या गाडीला ते चांगले असतील. पण ज्या गाडीची सगळी शान तिच्या शांतपणात आहे, तिच्या अंगात ते घालणं मला पटत नाही. रस्त्याचा प्रत्येक खडा मग स्टीअरिंगमध्ये बोलतो. मोठ्या चाकांचंही तेच. ई २२० ला मूळचा १९५/६५ आर १५ हा टायर आहे. त्याची उंच भिंतसुद्धा सस्पेन्शनचाच भाग आहे. हौसेनं १८ इंची चाकं घातलेल्या गाड्या येतात तेव्हा त्यांचे बुश लवकर गेलेले मला दिसतात.

काम सुरू करताना सगळ्यात आधी विचार करायचा तो स्प्रिंगचा. गाडी उचलून चाक काढलं तरी ती मोकळी नसते, दाबलेलीच असते. ती चाकापेक्षा आत, आर्मच्या मधल्या भागावर बसते. म्हणजे तरफेच्या हिशेबानं तिच्यातला जोर चाकावर येणाऱ्या भारापेक्षाही जास्त. शॉकअप हा आर्मला अमुक एका मर्यादेखाली जाऊ न देणारा अडसर असतो. आर्मखाली जॅक न लावता शॉकअपचे बोल्ट काढले, तर आर्म झटक्यात खाली पडेल आणि स्प्रिंग उसळून बाहेर येईल. तिच्या वाटेत माणूस असेल तर तो वाचेलच असं नाही. बाहेरून आकडे अडकवायचे जे साधे कम्प्रेसर बाजारात मिळतात, ते इथं चालत नाहीत. या स्प्रिंगला आतून बसणारा कम्प्रेसर लागतो. दोन पोलादी थाळ्या स्प्रिंगच्या वेढ्यांत सरकवायच्या, मधून आट्यांचा दांडा घालायचा आणि तो फिरवत स्प्रिंग आखडत आणायची. माझ्या गॅरेजमध्ये हे काम हातानं, रॅचेटनं होतं. हवेच्या गननं भराभर फिरवायला मी हाताखालच्या पोरांना सक्त मनाई केली आहे. हातानं फिरवताना थाळी तिरकी होतेय का ते जाणवतं, गननं ते कळत नाही. आणि घराच्या अंगणात, दोन विटा आणि एका जॅकच्या भरवशावर हे काम कुणीही करू नये, हे मी इथं कळवळून सांगतो.

स्प्रिंगच्या वरच्या टोकाला एक रबरी पॅड असतो. त्याच्या कडेला छोटे उंचवटे असतात, एक ते चार. जितके उंचवटे तितका पॅड जाड: एकाचा ८ मिलीमीटर, दोनांचा १३, तीनांचा १८ आणि चारांचा २३. गाडी दोन्ही बाजूंनी एका उंचीवर उभी राहावी म्हणून कारखान्यातच प्रत्येक कोपऱ्याला योग्य तो पॅड निवडलेला असतो. काढताना उंचवटे मोजून लिहून ठेवावे लागतात. ज्या माणसानं ही गाडी आखली त्यानं इतका बारीक विचार केला होता, हे मला पॅड हातात घेतला की दर वेळी जाणवतं.

आर्म ज्या दोन बोल्टांवर लटकतो त्यांचं डोकं मध्यभागी नसून एका बाजूला सरकवलेलं असतं. ते फिरवलं की आर्म थोडा आत-बाहेर किंवा पुढे-मागे सरकतो आणि चाकाचा कोन बदलतो. म्हणून सोडवण्याआधी त्यांच्या जागेवर रंगाची खूण करायची. मालवण-रत्नागिरीकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेनं हे बोल्ट बुशाच्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात, कापूनच काढावे लागतात. डॉक्टरांच्या गाडीचे घाटावरचे होते, थोड्या गंजतेलानं निघाले.

मग आर्म घेऊन शेजारच्या टर्नरकडे. जुने बुश हातोड्यानं ठोकून काढले तर आर्मचं भोक वाकडं होतं आणि मग नवा बुश त्यात कधीच नीट बसत नाही. त्यांनी बुशाच्या बाहेरच्या कडेच्या मापाची एक पोलादी रिंग लेथवर वळवून दिली. त्यामुळे प्रेसचा सगळा दाब रबरावर न येता कडेवर येतो. नवा बॉल जॉइंटही तसाच दाबून बसवला. उद्यमनगरात काम करण्याचं हे सुख आहे. जे हत्यार जर्मनीहून मागवावं लागलं असतं, ते चहा संपेपर्यंत समोर तयार होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळं परत जोडलं, स्प्रिंग बसली, चाक लागलं. गाडी अजून हवेत आहे. समोर बोल्ट आहे, हातात पाना आहे. इथंच बहुतेक ठिकाणी बुशाचे ते दोन बोल्ट कचकचून आवळले जातात. तेव्हा आर्म पूर्ण खाली लोंबकळत असतो आणि रबर त्या स्थितीत सरळ असतं. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर उभ्याउभ्याच पिळलेलं राहतं. गाडी गॅरेजमध्ये झोपलेली असली तरी रबर ताणलेलं. खड्ड्यात आणखी पिळतं आणि वर्षा-दोन वर्षांत नवा कोरा बुश फाटतो. मग "माल डुप्लिकेट निघाला" अशी ओरड होते. माल चांगला असतो, आवळायची वेळ चुकलेली असते.

बोल्ट आधी नुसते बोटानं धरतील एवढे लावायचे. चाकाचे पाच बोल्ट टॉर्क रेंचनं ११० न्यूटन-मीटरला आवळायचे. गाडी चार खांबांच्या लिफ्टवर, स्वतःच्या चाकांवर उभी करायची. पुढचा भाग दोन-चारदा दाबून सोडायचा, थोडी पुढे-मागे लोटायची, म्हणजे ती आपल्या नैसर्गिक उंचीला बसते. आणि मग, चाकांवर गाडीचं पूर्ण वजन असताना, खाली जाऊन बोल्ट पक्के करायचे. आता रबर उभ्या गाडीत सरळ राहतं आणि चालताना वर-खाली दोन्हीकडे सारखंच पिळलं जातं. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकातही हेच सांगितलं आहे. खाली वाकून काम करणं अवघड असतं, अर्धा तास जास्त जातो, म्हणून ते टाळलं जातं. गाडी कुणाकडेही न्या, पण बोल्ट कधी आवळणार एवढं आधी विचारा.

स्टीअरिंगबद्दल थोडक्यात. या गाडीत रॅक नाही, गिअरबॉक्स आहे. तिच्यापासून दांड्यांची साखळी चाकांपर्यंत जाते आणि दुसऱ्या बाजूला ती साखळी आयडलर आर्म तोलून धरतो. त्याचे छोटे बुश झिजले की स्टीअरिंग मधोमध सैल वाटतं. अशा वेळी गिअरबॉक्सवरचा स्क्रू आवळून खेळ कमी करायचा मोह होतो. तसं करू नये. आधी आयडलरचे बुश आणि टाय रॉड बघावेत, कारण आवळलेला गिअरबॉक्स आतून खातो आणि तो बदलणं फार महागात जातं.

शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. समोरून बघताना चाक आत-बाहेर किती कललंय तो कॅम्बर, चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे किती कललाय तो कॅस्टर, आणि वरून बघताना चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती वळलीत तो टो. आर्म काढून बसवल्यावर जुन्या खुणा नुसत्या सुरुवातीपुरत्या. "या गाडीत कॅम्बर-कॅस्टर सेट होत नाही, फक्त टो होतो," असं सांगणारे भेटतात. ते बाजूला सरकलेल्या डोक्याचे बोल्ट याच कामासाठी दिलेले आहेत. कॅस्टर या गाडीला भरपूर आहे, सुमारे १० अंश. त्यामुळेच वळण संपलं की स्टीअरिंग आपोआप सरळ होतं आणि वेगात गाडी तीरासारखी जाते. पार्किंगमध्ये पूर्ण वळवल्यावर पुढची चाकं तिरकी झुकलेली दिसतात तीही याचमुळे, तो दोष नव्हे. टो मोजताना पुढच्या दोन चाकांमध्ये एक दांडी लावून त्यांना हलकासा बाहेर रेटा द्यायचा असतो, म्हणजे चालत्या गाडीत रबर जितकं दबतं तितकं मोजमापातही दबलेलं राहतं. ही दांडी फार कमी जणांकडे असते. मी ती टर्नरकडून स्प्रिंग घालून बनवून घेतली आहे.

डॉक्टरांनी गाडी आजरामार्गे आंबोलीला नेली आणि तिथूनच फोन केला. आवाज गेल्याचं त्यांनी सांगितलंच नाही. ते म्हणाले, "घाटात वळण घेताना हात सोडला तर स्टीअरिंग स्वतःच परत येतंय. हे होत होतं हेच मी विसरलो होतो." हजार किलोमीटरनंतर त्यांना परत बोलावलं, बोल्ट तपासले, टायरच्या दोन्ही कडांवर हात फिरवला. झीज सारखी होती. मागच्या चाकांना मात्र प्रत्येकी पाच दांड्या आहेत आणि त्या सगळ्यांच्या टोकांना तीस वर्षांचं तेच रबर आहे. उसाचा हंगाम संपला, रस्ते मोकळे झाले की गाडी चार दिवस माझ्याकडे ठेवायची असं आमचं ठरलं आहे. रबरांची यादी मी त्यांच्याकडे देऊन ठेवली आहे.